पाच लॅबचे आकडे एका रकान्यात बसतात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गर्भवतींमधल्या रक्तक्षयाचा अभ्यास आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी आणि गडहिंग्लज अशी पाच केंद्रं, प्रत्येक ठिकाणची लॅब वेगळी. कुणी एक्सेल पाठवतं, कुणी पीडीएफ, एक जण तर व्हॉट्सअॅपवर रिपोर्टचा फोटो टाकतो. हे सगळं एकत्र आणायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि पैसे फारसे नाहीत. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे: निपाणीच्या बायकांचं हिमोग्लोबिन इतरांपेक्षा जवळजवळ एक ग्रॅमनं कमी दिसतंय आणि सर कारण विचारताहेत.

माझ्या मते खरा प्रश्न या शेवटच्या ओळीत आहे. सॉफ्टवेअर कुठलंही घेतलंत तरी ते पाच लॅबचे आकडे एका रकान्यात मांडून देईल. पण ते एका रकान्यात मांडण्याजोगे आहेत का, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागणार.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास असेल तर तुम्हाला थोडी मोकळीक आहे. नव्या औषधाची चाचणी असेल तर २०१९ चे क्लिनिकल ट्रायलचे नियम लागू होतात, आणि कोणता आकडा कुणी, कधी, का बदलला याचा माग ठेवणारी प्रणालीच लागते. तिथे एक्सेलवर भागवण्याचा विचारही करू नका. दुसरं, नमुने गोळा होऊन गेलेत की अजून व्हायचेत, यावरही बरंच ठरतं. तुम्ही ते लिहिलेलं नाही. काम अर्ध्यावर आहे असं धरून उत्तर देतो.

आधी निपाणी. फरक दिसला की लोक लगेच आहार, गरिबी, विडी कारखान्यातलं काम अशी कारणं जोडायला बसतात. थांबा. पहिल्यांदा निपाणीत नोंदणी किती आठवड्यांवर होते ते बघा. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं आणि दुसऱ्या तिमाहीत हिमोग्लोबिन आपसूक खाली येतं. बेळगावात दहाव्या आठवड्याला येणाऱ्या बायका आणि निपाणीत बाविसाव्या आठवड्याला येणाऱ्या बायका यांची सरासरी समोरासमोर ठेवली, तर फरक दिसणारच. तो खराही असेल, पण त्याचं कारण निपाणी हे नसेल.

आठवडे सारखे निघाले तर पुढचा प्रश्न: रक्त कुठून घेतलं आणि कशावर मोजलं? बोट टोचून घेतलेलं की शिरेतून? बोट दाबून दाबून थेंब काढला तर त्यात पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. साहलीच्या नळीवर (रक्तात आम्ल मिसळून त्याचा रंग काचेशी जुळवण्याची जुनी पद्धत) मोजलं असेल तर रंग जुळवणारा डोळा माणसागणिक बदलतो. हातातलं डिजिटल यंत्र आणि लॅबमधला ऑटो अॅनालायझर यांचेही आकडे जुळतीलच असं नाही. म्हणून 'हिमोग्लोबिन' हा एकच रकाना ठेवू नका. त्याच्या शेजारी रक्त कुठलं आणि पद्धत कोणती, हे दोन रकाने हवेतच. ते नसतील तर सरांच्या प्रश्नाला उत्तर देताच येणार नाही, मग संख्याशास्त्रज्ञ कितीही हुशार असो.

आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण यासाठी चांगलं आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव कमी करण्यासाठी मिसोप्रोस्टॉलची गोळी उपयोगी पडते का, याची चाचणी २००२ ते २००५ मध्ये बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,६२० महिलांवर झाली. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात, करणाऱ्या एएनएम सिस्टर, म्हणजे उपकेंद्राच्या परिचारिका. रक्त किती गेलं याचा नजरेनं अंदाज घ्यायचा तर प्रत्येक सिस्टरचा अंदाज वेगळा. म्हणून मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी बाळंतिणीखाली लावून सगळीकडे त्याच पिशवीनं रक्त मोजलं. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं, आणि जगानं तो निकाल मानला, कारण मोजमाप सगळीकडे एक होतं. डेटाची शिस्त तिथे संगणकाच्या कितीतरी आधी, त्या पिशवीपाशी सुरू झाली होती.

तुमच्याकडे पाच लॅबमध्ये एकच यंत्र बसवणं शक्य नसणार. मग मी काय करतो ते सांगतो. एकाच बाईच्या रक्ताच्या दोन ट्यूब घ्यायच्या, एक तिथल्या लॅबला, एक बेळगावच्या लॅबला. असे वीस-तीस नमुने प्रत्येक केंद्रातून, आणि ते कमी-मध्यम-जास्त अशा सगळ्या पट्ट्यांतले. दोन आकड्यांतला फरक सरासरीच्या समोर मांडून आलेख काढा. फरक सगळीकडे साधारण सारखाच असेल तर विश्लेषणात तो धरता येतो. कमी आकड्यांना एक आणि जास्त आकड्यांना दुसराच असा असेल तर ती पद्धतच अभ्यासातून काढावी लागेल. दोन्ही ट्यूब त्याच दिवशी तपासल्या जातील हे मात्र बघा. शिवाय प्रत्येक लॅबला विचारा की बाहेरच्या गुणवत्ता तपासणीत ती भाग घेते का. बायोकेमिस्ट्रीसाठी वेल्लोरच्या सीएमसीची आणि रक्तपेशींच्या तपासण्यांसाठी दिल्लीच्या एम्सची योजना आपल्याकडे चालते. घेत असेल तर मागच्या वर्षीचे निकाल मागून घ्या. मागायला संकोच करू नका, चांगली लॅब ते आनंदानं देते.

सगळ्या तपासण्या एकाच लॅबमध्ये कराव्यात का, हेही तुमच्या मनात असेल. माझं उत्तर अर्धं हो. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि सीआरपी (दाह दाखवणारी) यांसाठी सीरम, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा द्रव, वेगळं करून गोठवता येतं, थंड पेटीतून बेळगावला आणता येतं, आणि सगळे नमुने एकाच यंत्रावर, शक्यतो एकाच किटवर चालवता येतात. ते कराच. पण सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीची, जांभळ्या झाकणाची ट्यूब गोठवता येत नाही आणि थांबतही नाही. साध्या तापमानाला पडून राहिली की तांबड्या पेशी फुगत जातात आणि एमसीव्ही, म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, वाढतं. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात, त्यावरून तर आपण रक्तक्षयाचा प्रकार ओळखतो. अथणीहून दुसऱ्या दिवशी पोचलेल्या ट्यूबमध्ये त्या लहान पेशी 'नॉर्मल' दिसायला लागतात! म्हणून सीबीसी जवळच्या लॅबमध्येच. अथणीला बेळगावपेक्षा मिरज जवळ पडत असेल तर मिरजेला पाठवा, पण एकदा ठरवलं की तेच ठेवा.

म्हणूनच वेळेचे चार रकाने हवेत: रक्त कधी काढलं, लॅबमध्ये कधी पोचलं, सीरम कधी वेगळं केलं, निकाल कधी आला. बहुतेक लॅबच्या रिपोर्टवर फक्त शेवटची वेळ असते, आणि नेमकी तीच सगळ्यात निरुपयोगी. रक्त काढल्याची वेळ ट्यूबवरच लिहायची सवय लावा. तारखा 'दिवस/महिना/वर्ष' अशा टाइप करू नका. ज्या संगणकावर अमेरिकन सेटिंग आहे तो ३ एप्रिलचा ४ मार्च करून टाकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, किंवा महिना अक्षरात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा नियम. लॅबनं जे लिहिलं ते जसंच्या तसं एका जागी ठेवा आणि त्याला पुन्हा कधीही हात लावू नका. लॅबनं तपासणीला दिलेलं नाव, निकाल, एकक, लॅबची नॉर्मल मर्यादा, हे चार रकाने आले तसे. त्याच्या पुढे तुमचे रकाने: तुमचं ठरलेलं नाव, तुमच्या एककातला आकडा. रूपांतर फक्त एका ठिकाणी, एका लेखी सूत्रानं, तुमच्याकडे. केंद्रावरच्या कुणीही डोक्यात गुणाकार-भागाकार करून आकडा पाठवायचा नाही.

याचं कारण सीआरपीच्या उदाहरणावरून कळेल. शरीरात कुठे दाह असला की फेरिटिन वाढतं आणि लोह कमी असूनही आकडा ठीक दिसतो, म्हणून सोबत सीआरपी बघतात. नेहमीची रेघ लिटरला ५ मिलिग्रॅमची. एक लॅब लिटरमागे लिहिते, दुसरी डेसिलिटरमागे. दुसऱ्या लॅबचा ०.६ म्हणजे खरं तर ६, रेघेच्या वर. एकक न बघता रकान्यात टाकला तर तो उत्तम नॉर्मल दिसतो, त्या बाईचं फेरिटिन खरं मानलं जातं, आणि लोहाची कमतरता असलेली एक बाई यादीतून गळते. आकडा अशक्य असता तर संगणकानं पकडला असता. ०.६ अगदी शक्य आहे, म्हणून तो निसटतो. प्लेटलेटचं उलट आहे: एक लॅब २.१ लाख लिहिते, दुसरी २,१०,०००, तिसरीचं यंत्र नुसतं २१० छापतं. तिथे निदान नजरेला खुपतं. युरिया आणि युरिया नायट्रोजन यांची गल्लतही अशीच, दोघांत २.१४ पटीचा फरक आहे. घातक असतात त्या दोन्ही बाजूंनी शक्य वाटणाऱ्या चुका.

नावांसाठी लॉइंक नावाची आंतरराष्ट्रीय संकेतपद्धती आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ७१८-७, सीआरपीला १९८८-५, असे क्रमांक. दहा-बारा तपासण्यांसाठी तिचा बाऊ करायची गरज नाही. एक पानी तक्ता करा, प्रत्येक ओळीला हा क्रमांक लिहून ठेवा, उद्या डेटा दुसऱ्या अभ्यासाशी जोडायचा झाला तर उपयोग होईल. त्या तक्त्यात 'कधीपासून' हा रकाना मात्र विसरू नका. लॅब मध्येच किट बदलते, यंत्र बदलते, नॉर्मल मर्यादा बदलते, आणि कळवत नाही. दर महिन्याला एक फोन: काही बदललं का?

याच नियमाचा एक भाग उंचीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये हिमोग्लोबिनच्या मर्यादा सुधारल्या. गरोदरपणात पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीला ११, दुसऱ्या तिमाहीला १०.५ ग्रॅम. समुद्रसपाटीपासून ५०० ते ९९९ मीटर उंचीसाठी ०.४ ग्रॅमची दुरुस्तीही सांगितली. आधीच्या कोष्टकात हजार मीटरच्या खाली दुरुस्ती नव्हती. बेळगाव साधारण ७५० मीटरवर आहे, म्हणजे आपण आता त्या पट्ट्यात येतो. कुठली मर्यादा वापरायची हे तुमच्या प्रोटोकॉलनं ठरवावं. पण ही दुरुस्ती विश्लेषणाच्या वेळी करायची असते. एखाद्या उत्साही सहकाऱ्यानं केंद्रावरच ०.४ वजा करून आकडा पाठवला आणि संख्याशास्त्रज्ञानं पुन्हा वजा केला, तर अख्खं केंद्र रक्तक्षयी ठरेल. निपाणीत असं काही झालेलं नाही ना, तेही एकदा विचारून घ्या.

इथवरचं आकड्याबद्दल झालं. तो आकडा कुणाचा, हा सीमाभागात त्याहून अवघड प्रश्न आहे.

एकच बाई थायी कार्डावर (कर्नाटकातलं गर्भवतीचं नोंदणी कार्ड) कन्नडमध्ये 'लक्कव्वा', आधारवर इंग्रजीत लक्ष्मी, आणि लॅबच्या रजिस्टरात माहेरच्या आडनावानं. लग्नानंतर काही ठिकाणी पहिलं नावही बदलतं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी जाणार: खानापूरला नोंदवलेली बाई सातव्या-आठव्या महिन्यात चंदगड किंवा गडहिंग्लजला, तिथे दुसरं राज्य, दुसरं कार्ड, दुसरा नंबर. तुमच्या यादीत ती दोनदा येऊ शकते, किंवा खानापुरात 'संपर्क तुटला' म्हणून काढली जाऊ शकते. गावांचंही तसंच. येळ्ळूर, निपाणी यांची स्पेलिंगं जितकी माणसं तितकी. खानापूर तालुका आपल्याकडे आहे आणि सांगली जिल्ह्यातही आहे. यादीत नुसतं 'खानापूर' लिहून चालत नाही.

नावावरून जुळवणं म्हणून मी मुळातच टाळतो. नोंदणीच्या वेळी छापील स्टिकरांची एक पट्टी त्या बाईच्या नावे द्यायची. तोच क्रमांक ट्यूबवर, फॉर्मवर, लॅबच्या रजिस्टरात आणि तिच्या कार्डाच्या मागे. माहेरी गेली तरी कार्ड सोबत जातं. क्रमांकाचा शेवटचा आकडा तपासणी-आकडा असू द्या, म्हणजे आधीच्या आकड्यांवरून गणितानं काढलेला. आधार क्रमांकात व्हर्होफची पद्धत वापरली आहे. तिच्यात एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर लगेच कळतं. रेडकॅपमध्ये (संशोधनाचा डेटा भरण्याचं सॉफ्टवेअर, त्याबद्दल पुढे) आणि एक्सेलमध्येही हे बसवता येतं. प्रत्यक्ष आधार क्रमांक मात्र ओळख म्हणून वापरू नका. नाव आणि क्रमांक यांची जोडयादी केंद्रावर कुलपात, मुख्य डेटामध्ये नाव नाही. गावासाठी केंद्र सरकारच्या स्थानिक संस्थांच्या निर्देशिकेतला गावाचा कोड वापरा, स्पेलिंगचा प्रश्नच मिटतो.

लिपीबद्दल दोन गोष्टी. नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) किंवा श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमधली नावं दुसरीकडे चिकटवली की चिन्हांचा खिचडा होतो, म्हणून युनिकोडशिवाय काहीही स्वीकारू नका. आणि आकडे सगळ्यांनी इंग्रजीतच लिहायचे. अभिमानाचा प्रश्न नाही हा. हातानं लिहिलेला मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि रजिस्टर वाचणारा अथणीचा टेक्निशियन कन्नड शाळेत शिकलेला असतो.

सॉफ्टवेअर. तुमची संस्था रेडकॅपच्या समूहात असेल, किंवा सामील होऊ शकत असेल, तर तेच घ्या. ना-नफा संस्थांना परवान्याचे पैसे पडत नाहीत, पण सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो, हे बजेट करताना विसरतात. प्रत्येक केंद्राला फक्त स्वतःचा डेटा दिसेल अशी सोय आहे, बदलांचा माग आहे, आणि मोबाइल अॅप नेटवर्कशिवाय चालतं. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे जाणाऱ्या तुमच्या फील्डच्या माणसाला त्याची किंमत कळेल. ते जमत नसेल आणि अभ्यास छोटा असेल, तर कुलूपबंद, एकाच रचनेची एक्सेल शीटही चालते, पण तिची मर्यादा ओळखून. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे जवळजवळ १६,००० रुग्ण मोजणीतून गळाले, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत आणि पुढच्या ओळी मुकाट्यानं कापल्या गेल्या. व्हॉट्सअॅपवरचे फोटो मात्र आजपासून बंद करा. त्यात नाव असतं, फोन हरवतो, आणि फोटोवरून टाइप करताना दशांश चिन्ह हमखास हुकतं.

मर्यादा-तपासणी लावताना एक सावधगिरी. हिमोग्लोबिन ३.८ आलं तर प्रणालीनं विचारावं, पण अडवू नये. आपल्या भागात ३.८ घेऊन चालत दवाखान्यात आलेली बाई असते. आणि ७ च्या खालचा आकडा डेटाबेसमध्ये भरायच्या आधी फोननं डॉक्टरांकडे गेला पाहिजे, त्याच दिवशी. ही वाट प्रोटोकॉलमध्ये लिहा: कुणी, कुणाला, किती वेळात. डेटा मॅनेजरला महिनाअखेरीस यादीत सापडलेला गंभीर रक्तक्षय हा माझ्या लेखी अभ्यासाचा दोष आहे, कितीही नीट टाइप केलेला असला तरी.

टेक्निशियनला शंका विचारायच्या त्या त्याच्या भाषेत. इंग्रजीतली छापील 'क्वेरी' आली की माणूस घाबरतो आणि आकडा 'दुरुस्त' करून मोकळा होतो. निपाणीला मराठीत, अथणीला कन्नडमध्ये, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. रजिस्टरात चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला नवा आकडा, सही, तारीख. व्हाइटनर लॅबमध्ये ठेवूच नका.

राहिला आधी जमलेला डेटा. त्यात रक्त काढल्याची वेळ नसेल, पद्धत लिहिलेली नसेल, तर आठवून भरायला कुणाला सांगू नका. लॅबच्या मूळ रजिस्टरातून जे मिळतं ते घ्या, बाकी ठिकाणी 'नोंद नाही' असा वेगळा संकेत द्या. 'तपासणी झाली नाही', 'नमुना खराब झाला', 'रिपोर्ट आला नाही' यांचे संकेत वेगळे, आणि यांतल्या कशासाठीही शून्य किंवा ९९९ नको, ते कधी ना कधी सरासरीत शिरतंच. नवी पद्धत ज्या तारखेपासून सुरू कराल ती तारीख पाचही केंद्रांची लिहून ठेवा आणि नैतिकता समित्यांना बदल कळवा, गडहिंग्लजचं केंद्र ज्या समितीखाली येतं तिलासुद्धा. मग त्या तारखेच्या आधीचा आणि नंतरचा डेटा वेगवेगळा बघता येईल, आणि निपाणीचा फरक दोन्हीकडे टिकतो का हेही सरांना दाखवता येईल.